पोकळ अक्षरं

काउंटरवर गोधडीत गुंडाळलेलं बोचकं ठेवलं गेलं, तेव्हा श्रीधरने आधी बोचक्याकडे आणि मग सर्जेरावांकडे बघितलं.

"लस टोचायचा दवाखाना पुढच्या गल्लीत," तो म्हणाला.

सर्जेरावांनी गाठी सोडल्या. आतून कॉम्प्युटरचा सीपीयू निघाला. त्याच्या अंगावर ऑइलपेंटचे दोन-तीन थेंब वाळून बसले होते. लोणी काळभोरहून पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानांच्या तपकीर गल्लीपर्यंत त्यांनी तो एम-एटी गाडीच्या कॅरिअरला दोरीने बांधून आणला होता आणि हडपसरच्या प्रत्येक खड्ड्याला मागे हात नेऊन तो जागेवर आहे ना, हे चाचपलं होतं.

"पेन ड्राइव्ह पायजे," ते म्हणाले. "फास्टातला. पन तुमच्या मशीनवर लावून दाखवायचा न्हाई. ह्याच्यावर लावायचा."

"का? आमच्या मशीनला काय झालं?"

"तुमचं मशीन तुमच्याच मालाला नावं ठेवंल व्हय?"

श्रीधरने चष्मा वर सरकवला. गिऱ्हाइकाचं म्हणणं पटलं तरी तसं कबूल करायची पद्धत त्या दुकानात नव्हती. त्याने मुकाट्याने स्क्रीनची वायर काढून सर्जेरावांच्या सीपीयूला जोडली.

सर्जेरावांचा संशय हा काही आजचा नव्हता. तीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या होत्या, आणि पाट्या रंगवणाऱ्याला जग जितकं फसवायला बघतं तितकं देवळाबाहेरच्या चपलांच्या राखणदारालाही बघत नसेल, असं त्यांचं मत होतं. टर्पेंटाइन घेतलं की ते एक थेंब कागदावर टाकून उन्हात धरायचे. तेलकट डाग राहिला की त्यात रॉकेल. ब्रश घेतला की एक केस उपटून काडीने जाळायचे. केसासारखा वास आला तर खरा, वितळून गोळी झाली तर नायलॉनचा. रंगाच्या डब्याचा तळ ढवळल्याशिवाय त्यांनी कधी डबा उचलला नाही. या सगळ्याने ते फसायचे थांबले होते असं नाही, पण फसल्यावर निदान आपलं चुकलं नाही एवढं समाधान त्यांना मिळायचं.

पेन ड्राइव्हचा केस जाळता येत नव्हता, हीच पंचाईत होती.

कॉम्प्युटर जुना होता, कुठल्याशा आयटी कंपनीने काढून टाकलेला. त्यात मुलीने नवी विंडोज घातली आणि तो पार ढेपाळला. एक मोठं चित्र उघडायचं तर चहा करून, पिऊन, कप विसळून होईपर्यंत वाट बघावी लागे. त्याच्या मेमरीची पट्टी आता बाजारात मिळत नव्हती. मग मुलगी उत्कर्षा, जी पुण्यात हॉस्टेलला राहून इंजिनिअरिंग करत होती, म्हणाली की या विंडोजमध्ये एक सोय आहे. फास्ट पेन ड्राइव्ह लावला की विंडोज त्याचीच जास्तीची मेमरी म्हणून वापर करते. सर्जेरावांना ते काही उमगलं नाही. तेव्हा शेंगा सोलत बसलेली शकू, त्यांची बायको, मान वर न करता म्हणाली, "मिसळनाचा डबा. माळ्यावरनं बरणी काढाय नको, वाईच हाताशी." उत्कर्षा हसून म्हणाली, "एक्झॅक्टली. आईला कळलं बघा, पप्पा."

पण कुठलाही पेन ड्राइव्ह चालत नाही, विंडोज आधी त्याची परीक्षा घेते, हेही तिने सांगितलं होतं. सर्जेरावांना सगळ्यात आवडलं ते हेच. म्हणून तर परीक्षकाला गोधडीत बांधून ते बाजारात घेऊन आले होते.

श्रीधरने पहिला ड्राइव्ह लावला. स्टीलचा, चकचकीत, साखळीसकट. खोक्यावर वेगाने पळणारा चित्ता होता. विंडोजने थोडा वेळ विचार केला आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलं. श्रीधरने वाचून दाखवलं, "या कामाला लागते तेवढी कुवत याच्यात नाही." दुसरा लावला, त्याचाही तोच निकाल. तिसरा काळा, ओबडधोबड, जुन्या रेडिओच्या बटणासारखा दिसणारा. तो पास झाला.

सर्जेरावांच्या कपाळावर आठी पडली. "म्हाग दोन्ही नापास आनि सवंग पास? ह्ये कसं काय?"

"खोक्यावर लिहितात तो वेग मोठ्या फायलीचा. विंडोजला लागतात बारीक बारीक तुकडे, पटापट. ज्याने त्याने आपल्या सोयीचं लिहायचं, वाचणाऱ्याने भुलायचं. आता मशीन तुमचं, निकाल तुमच्या मशीनचा. त्याच्यावरही संशय असेल, तर गोधडी आहेच."

बिलावर 'खोटा निघाल्यास परत घेऊ' असं लिहून घेतल्याशिवाय सर्जेराव हलले नाहीत. श्रीधरने ते लिहिलं आणि खाली आपली सही अशी केली, की ती कुणाचीही म्हणता यावी.

सर्जेरावांचं नाव होतं ते त्यांच्या अक्षरासाठी. हडपसरपासून उरुळीपर्यंत शाळांच्या पाट्या, दूध डेअऱ्या, साखर कारखान्याचा वजनकाटा, ट्रकच्या मागची नावं, सगळीकडे त्यांचं अक्षर. पण त्यातलं निम्मं काम शकूचं असायचं. ते खडूने आखून बारीक ब्रशने अक्षराची कड काढत, नुसती पोकळ अक्षरं, आणि मग शकू बसून ती भरायची. लग्न होऊन आली तेव्हा एकदा माणूस आला नाही म्हणून तिला बसवलं, ती पुढे बावीस वर्षं बसली. भरायची तिची एक रीत होती. अक्षराच्या पायापासून सुरुवात करून ती वर जायची, आणि डाव्या कडेला केसाएवढी जागा कोरी सोडायची. त्या पांढऱ्या रेघेने अक्षर फळीतून वर उठल्यासारखं दिसे. लोक म्हणायचे, काय सर्जेरावांचा हात आहे. सर्जेरावही ते ऐकून घ्यायचे.

भरताना ती बोलत नसे. ते मागे उभे राहून बघायला लागले, की एवढंच म्हणे, "उजेडातनं सरका."

मग फ्लेक्स आला. दोन-तीन वर्षांत ब्रशचं काम इतकं आटलं, की रंगाचे डबे घट्ट होऊन टाकून द्यावे लागले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या इंद्रजीतने हडपसरला फ्लेक्स छापायचं मशीन टाकलं आणि गुरूला विसरला नाही. म्हणाला, बापू, तुम्ही डिझाइन करून द्या, मी छापतो. सर्जेराव पन्नाशीत माउस धरायला शिकले. अक्षराची कड त्यावर काढता यायला त्यांना सहा महिने लागले. पण भरायला काहीच लागत नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये एक बादलीचं चित्र होतं. ते अक्षरावर नेऊन बोट दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत आख्खं अक्षर भरायचं.

ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी शकू मागे उभी होती. "झालं?" तिने विचारलं. "झालं," ते म्हणाले. ती आत गेली. तिला कुणी काम सोड म्हटलं नाही, पण त्या दिवसानंतर तिच्या ब्रशांना टर्पेंटाइन लागलं नाही. सर्जेरावांना वाटलं, बरं झालं, तिची कंबर दुखायची. आपल्या सोयीचं आहे ते दुसऱ्याच्याही सोयीचं असणार असं धरून चाललं, की विचारावं लागत नाही. त्यांनी विचारलं नाही.

पेन ड्राइव्ह लावल्यावर मशीन खरोखर सुधारलं. म्हणजे पळायला लागलं असं नाही, पण चहा करून होईपर्यंत चित्र उघडू लागलं. कप विसळायची वेळ येईना. त्याच आठवड्यात काम आलं दत्तोबा अण्णांचं. अण्णांची हायवेलगतची जमीन बिल्डरने घेतली होती आणि त्यांना पंच्याहत्तरावं लागत होतं. बारा मोठे फ्लेक्स, लोणीपासून पार हडपसरपर्यंत. अण्णांनी अट घातली, "त्यो फॉन्ट-बिंट न्हाई चालायचा. सर्जाच्या हातचं अक्षर पायजे. न्हाईतर मग इंद्रजीत हायेच की."

सर्जेराव हे वाक्य विसरू शकले नाहीत. तीस वर्षांच्या धंद्यातलं त्यांच्याजवळ आता एवढंच उरलं होतं, त्यांचं अक्षर. तेच जर कुणी उचललं, तर इंद्रजीतला त्यांची गरज काय आणि गावाला तरी काय?

रोज संध्याकाळी ते ड्राइव्हमध्ये किती जागा शिल्लक आहे ते बघत आणि भिंतीवर खडूने आकडा लिहीत. निम्मी जागा विंडोजने स्वतःला घेतली होती. उरलेल्या निम्म्यात त्यांनी एकही फाइल ठेवलेली नव्हती, म्हणून आत उघडून बघायचं कारणही नव्हतं. तरी आकडा उतरत होता. रोज थोडाथोडा, पाण्याची टाकी झिरपावी तसा. त्यांना वाटलं, ड्राइव्ह खोटा आहे. बाजारात असे ड्राइव्ह येतात, आत जागा कमी आणि वर लिहिलेली जास्त, हे त्यांनी ऐकलं होतं. उत्कर्षाला फोन केला तर ती गडबडीने म्हणाली, "टेम्पररी फाइल्स असतील, पप्पा. तुम्ही पण ना, चेक करत बसू नका सारखं." एरवी ही पोरगी कॉम्प्युटरचं काही विचारलं की अर्धा तास समजावून सांगायची. तिचं हे तोडून बोलणं त्यांच्या मनात जाऊन बसलं.

मग हडपसरच्या चौकात त्यांना एक फ्लेक्स दिसला. कुठल्यातरी शोरूमच्या उद्घाटनाचा. वरचा 'श्री' बघून त्यांनी गाडी थांबवली. वेलांटी त्यांचीच वाटत होती. तशीच मागे झुकलेली. आणखी जवळ जाऊन बघितल्यावर तितकीशी वाटेना, पण तोवर संशय पक्का झाला होता.

दुपारी एक ते चार ते घरी नसत. नमुने दाखवायला हडपसरला जात. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माउसवर खडूची भुकटी बोटाने अगदी पातळ पसरली. परत येऊन बघतात तर भुकटी पुसलेली आणि खुर्चीखाली पाय टेकायला पाट सरकवलेला. कुणीतरी आखूड पायांचं बसलं होतं म्हणायचं. इंद्रजीतकडचा एक ऑपरेटर बुटका होता, हे त्यांना लगेच आठवलं.

शकू अंगणात धुणं काढत होती.

"दुपारी कोन आलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"कोन येनार?" ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

इंद्रजीत तिला काकी म्हणत असे. आला की तिच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय जात नसे, आणि तिलाही त्याचं कौतुक होतं. सर्जेरावांनी दोनात दोन मिळवून पाच केले. पुढचं वाक्य त्यांनी आवाज न चढवता उच्चारलं आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "भाईरचा चोर कुलूप तोडतो. आपल्यात कुलूप तुटल्यालं न्हाई. घरातलंच कुनीतरी दार उघडतंय."

शकूच्या हातात त्यांचाच शर्ट होता. तिने तो झटकला, घडी घातली, वर ठेवला. "उघडतंय खरं," ती म्हणाली आणि आत गेली. रात्रीच्या जेवणात तिने वाढलं, विचारलं, पाणी दिलं. फक्त समोर बसली नाही.

सकाळी त्यांनी ड्राइव्ह काढून खिशात घातला, वर बिल ठेवलं, आणि तपकीर गल्ली गाठली.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. सर्जेरावांनी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माल खोटा आहे, जागा गळते. श्रीधरने बिल वाचलं, स्वतःची सही ओळखायला थोडा वेळ घेतला आणि ड्राइव्ह आपल्या मशीनला लावला. या वेळी सर्जेरावांनी हरकत घेतली नाही. परीक्षक घरी राहिला होता.

"गळत नाहीये. भरतंय," श्रीधर म्हणाला. "आत एक फोल्डर आहे. एक्केचाळीस फायली. तुम्ही ठेवल्यात?"

"मी कायबी ठेवल्यालं न्हाई."

"मग कुणी ठेवल्या?"

"उघडा."

श्रीधरने एक उघडली. पांढऱ्या पडद्यावर काळा 'श्री'. सर्जेरावांचाच. वेलांटी मागे झुकलेली, दांडा खाली किंचित रुंद. तीन गिऱ्हाइकांनीही बघितला. हा चोरीचा पुरावा होता. कुणीतरी त्यांची कड उचलून, आपण भरून, नमुने करून ठेवत होतं. भरणंही कच्चं होतं, ठिकठिकाणी थरथरलेलं, कडेबाहेर गेलेलं. नवशिक्याचा हात. इंद्रजीतच्या त्या बुटक्याचा.

"पुढची उघडू?"

"नको. बगितलं त्येवडं बास झालं. तुमी त्यो ड्राइव्ह खोटा का खरा, तेवडं सांगा."

श्रीधर म्हणाला, की ते बघायचं तर पूर्ण ड्राइव्ह शेवटापर्यंत भरून परत वाचून बघावा लागतो. त्याचा प्रोग्रॅम आहे. पण त्याआधी तो कोरा करावा लागेल. आत आहे ते सगळं जाईल. परत मिळणार नाही. "नीट विचार करून सांगा. फायली कुणाच्या तरी आहेत. हव्या असतील तर आधी उतरवून घेतो, दोन मिनिटांचं काम."

"चोराचा माल जपून काय करू? पुसा."

"नक्की?"

"पुसा म्हनलं ना."

श्रीधरने एक बटण दाबलं. मग म्हणाला, अर्धा-पाऊण तास लागेल, दुकानात उभं राहून ते लवकर होत नाही.

सर्जेराव बाहेर आले. समोरच्या अमृततुल्यात चहा घेऊन कट्ट्यावर टेकले. इंद्रजीतला काय बोलायचं ते ते मनात जुळवत होते. पहिलं वाक्य कडक हवं. समोर एका बंद दुकानावर जुनी लाकडी पाटी होती, भांड्यांच्या दुकानाची, निम्मी उडालेली. कुणाची कोण जाणे, पण हाताची होती. सवयीने त्यांनी ती वाचण्याऐवजी तपासायला सुरुवात केली. कड बरी. भरणं गचाळ. वरून खाली भरत आला होता, त्यामुळे रंग ओघळून पायाशी साठलेला. खालून वर जायला पाहिजे, हे सुद्धा या माणसाला कुणी सांगितलं नाही. शकू बघती तर नाक मुरडती.

चहाचा दुसरा ग्लास ओठाशीच राहिला.

पडद्यावरच्या त्या 'श्री'चा दांडा. भरणं थरथरलं होतं, कडेबाहेर गेलं होतं, सगळं खरं. पण डाव्या कडेला एक पांढरी रेघ होती. वरपासून खालपर्यंत, केसाएवढी. बादलीने ती राहत नाही. बादली आख्खं अक्षर भरून टाकते. माउस हातात धरून, थेंबाथेंबाने, पायापासून वर चढत कुणीतरी ते भरलं होतं, आणि डावीकडे येताना थांबलं होतं. तसं थांबणारं माणूस जगात एकच होतं. आखूड पायांचंही तेच होतं.

ते ग्लास तसाच ठेवून धावले. पन्नाशीच्या माणसाने तपकीर गल्लीत धावायचं म्हणजे तीन हातगाड्या आणि एका स्कूटरची आई-बहीण ऐकावी लागते, ती त्यांनी ऐकली.

"थांबवा," ते दारातूनच म्हणाले. "ते पुसायचं थांबवा."

श्रीधरने त्यांच्याकडे बघितलं. "पुसायचं तर तेव्हाच झालं. आता त्याच्यावर लिहून वाचून बघणं चाललंय. नव्वद टक्के."

"त्यातलं काय निघंल का? एकांदं?"

"नाही." या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "काका, मी विचारलं होतं."

"व्हय. तुमी इचारलं हुतं."

उरलेले दहा टक्के ते काउंटरला धरून उभे राहिले. शेवटी पडद्यावर हिरवी रेघ आली. श्रीधरने ड्राइव्ह काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. सांगितली तेवढी जागा आहे, एकही तुकडा खोटा नाही, म्हणाला. अस्सल माल. सर्जेरावांनी आयुष्यात पारखून घेतलेल्या वस्तूंमध्ये इतकी खरी वस्तू क्वचितच निघाली होती, आणि ती बघून त्यांना रडायला येत होतं.

गल्लीच्या तोंडाशी गाडीला टेकून त्यांनी उत्कर्षाला फोन लावला. आधी ती टाळत होती. मग म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीपासून आईला थोडं थोडं शिकवत होते. तुमची अक्षरं कॉपी करून दिली होती तिला, पोकळ, प्रॅक्टिसला. पेन ड्राइव्ह आल्यापासून तिथेच सेव्ह कर म्हटलं, म्हणजे तुमच्या फायलींना हात लागायला नको. "तिनेच सांगू नको म्हटलं, पप्पा. म्हणाली, चांगलं जमलं की मग दाखवते. मी तिला बकेट टूल पण दाखवलं, एका क्लिकमध्ये होतं. तर म्हणते, ते भरणं नव्हे." मग तिने विचारलं, "का? तिने दाखवलं का तुम्हाला? शेवटचं तर फारच मस्त झालंय. सर्जेराव पेंटर. तुमची ती पहिली पाटी."

"न्हाई दावलं," सर्जेराव म्हणाले आणि फोन ठेवला.

परतीच्या रस्त्यावर हडपसरच्या चौकात तो शोरूमचा फ्लेक्स होताच. या वेळी त्यांनी 'श्री' नीट बघितला. ती त्यांची वेलांटी नव्हती. कुठलाही साधा फॉन्ट होता.

घरी पोचले तेव्हा दोन वाजत होते. शकू उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार तिने बाहेरून कडी लावून ठेवलं होतं, आणि कडीत किल्ली न लावलेलं कुलूप नुसतंच अडकवलं होतं, त्यांना दिसावं म्हणून. ते चप्पल न काढता तिच्यापुढे उभे राहिले.

"त्यात तुजी अक्षरं हुती," ते म्हणाले. "मी पुसली."

शकूने मेथीची एक काडी मोडली. "समदी?"

"समदी. त्यो दुकानदार इचारत हुता, ठिवू का म्हनून. मीच पुसा म्हनलो. मला वाटलं..." आपल्याला काय वाटलं होतं ते त्यांना उच्चारता येईना. "माजं चुकलं, शकू."

तिने निवडलेली मेथी एकीकडे केली, देठं एकीकडे केली, सूप भिंतीला लावून ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही. बावीस वर्षं लोकांनी तिच्या हाताला त्यांचा हात म्हटलं तेव्हाही तिने असंच काही म्हटलं नव्हतं, हे सर्जेरावांना त्या क्षणी कळलं, आणि आपण ते मुद्दाम कळू दिलं नव्हतं हेही.

त्यांनी जाऊन कुलूप काढलं, कडी काढली. मशीन चालू केलं, ड्राइव्ह लावला. विंडोजने त्याची पुन्हा परीक्षा घेतली आणि पुन्हा पास केलं. मग त्यांनी दत्तोबा अण्णांचा पहिला फ्लेक्स उघडला. अण्णांचं नाव ओळीने उभं होतं, नुसत्या कडा, आत काही नाही. ते खुर्चीवरून उठले, भिंतीशी उभा केलेला पाट आणून खुर्चीखाली सरकवला आणि दाराशी येऊन थांबले.

"अण्नाला हातचं अक्षर पायजे," ते म्हणाले. "निम्मंच झालंय."

शकू उठली. पदराला हात पुसत आत आली. खुर्चीवर बसून तिने पाय पाटावर टेकले, माउस हातात घेतला, आणि चष्मा नसल्यामुळे पडद्याच्या अगदी जवळ वाकली. फोल्डर कुठे होता तिथे तिने एकदा जाऊन बघितलं. कोरी पांढरी चौकट बघून ती परत आली. मग 'द'च्या पायाशी तिने पहिला ठिपका ठेवला.

सर्जेराव तिच्या मागे येऊन उभे राहिले. ठिपक्याला ठिपका लागत रंग हळूहळू वर चढत होता. डाव्या कडेपाशी आला की थांबत होता. खिडकी त्यांच्या पाठीशी होती. पडद्याला बाहेरच्या उजेडाची गरज नव्हती; तो आतूनच उजळलेला होता.

"उजेडातनं सरका," शकू म्हणाली.

सर्जेराव सरकले.